फ्रिजमागची भिंत

सोमवार
अखेर संसार थाटला, तोही चाकांवर. जुनी बस, आत पलंग, ओटा, बेसिन आणि माझ्या उंचीचा, घरात असतो तसा फ्रिज. सगळं सुतारकाम नवऱ्याने स्वतः केलंय. बस धाकटा दीर चालवतो आणि दिवसभर 'वहिनी, वहिनी' करत चहा मागतो. नवऱ्याची पहिली बायको या फिरस्तीला कंटाळून बहिणीकडे गेली ती आलीच नाही, हे त्याने लग्नाआधीच सांगितलं होतं. मला तर घर बघताक्षणी आवडलं. सकाळी ज्या खिडकीत नदी होती, तिच्यात संध्याकाळी डोंगर.

मंगळवार
दूध नासलं. फ्रिजची मोटर थांबायचं नाव घेत नाही. लग्नाआधी मी फ्रिजदुरुस्तीच्या दुकानात होते, म्हणून हात लावून बघितला. बाजू चटका बसेल इतक्या तापलेल्या. प्लायवूडमध्ये असा चेपून बसवलाय की मागची गरम हवा जाणार कुठे? बसच्या भिंतीला खाली एक आणि वर एक जाळी हवी. खालून गार हवा आत, वरून गरम बाहेर. बाहेरून पाहिलं तर दोन्ही जागी जाळ्या होत्याच. दोन्हींवर पत्रा ठोकलेला. जेवताना नवऱ्याकडे विषय काढला. धूळ येते, म्हणाला. मी म्हटलं, बारीक जाळी लावू. त्याने ताट भिंतीवर भिरकावलं. मग स्वतःच सगळं पुसून काढलं.

गुरुवार
ओट्यापाशी वास येतोय. उंदीर मेला असेल, असं दिराला म्हटलं, तर त्याचा चेहरा उतरला. फ्रिज तापला की गेल्या उन्हाळ्यापासून येतो म्हणे. नवरा उद्या डिझेल आणायला गेला की मागचा प्लाय खोलून बघायचं ठरवलंय.

शुक्रवार
फ्रिज ओढला. प्लाय काढला. भिंतीत पिवळा फोम, फ्रिजच्या कवचात भरतात तसला, दगडासारखा कडक, एका जागी तडकलेला. दिराने पटाशीने तुकडा उचकटला. आत बोटं. वाळलेली. एकात अंगठी.
दीर मटकन बसला. "वहिनीची आहे," म्हणाला. ही वहिनी मी नव्हे.
नवरा दारात उभा होता. त्याने हातातला पाना दिराच्या डोक्यात घातला. पुन्हा घातला. दीर 'दादा' म्हणाला, तरी घातला. मग दार बाहेरून ओढून घेतलं.

शनिवार
दीर तिथेच पडलाय. श्वास नाही. दाराला साखळी. नवरा खिडक्यांवर पत्रे मारतोय, एकेक करून. ऊन चढलंय. मी ओरडते, तो शीळ घालतो.
खालच्या जाळीमागचा फोम पटाशीने खरवडला, जाळी उचकटली, पत्रा ढकलून पाडला. तोंड लावलं. हवा —
बाहेरून लाथ बसली. दोन दात गेले.

नंतर
सगळीकडे अंधार. उजेड त्या एका भोकातून. त्याची पावलं आली. लाडाने विचारतो, जिवंत आहेस ना —
मी गप्प.
एका हातात पेन. दुसऱ्यात पटाशी, रक्ताने निसटते म्हणून मुठीला बांधलीय.
गुडघे टेकले त्याने. वाकतोय. उजेड गेला, डोळा भोकाला ला—