सात दाखले

कबनूर,
रविवार दुपार

प्रिय ऋता,

'प्रिय' लिहिताना हात अडला. तिसरीपासूनची सवय आहे म्हणून लिहिलं, एवढंच समज.

केंद्रप्रमुख म्हणून तू केलेला तक्ता मिळाला. तू पाठवला नाहीस, गावभर मोबाईलवर फिरत माझ्यापर्यंत आला. केंद्रातल्या अकरा सरकारी शाळांची तुलना, पहिल्या आलेल्या शाळेला हिरवा रंग आणि पारितोषिक, शेवटच्या शाळेला लाल. हिरवी ती रस्त्यावरची शाळा, लाल आमची, यंत्रमागांच्या, लूमच्या वस्तीमागची मळ्यातली. गेल्या आठवड्यात आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष आकाराम फोन हातात धरूनच वर्गाच्या दारात उभे राहिले. "बाई, तुमच्यावर राग न्हाय. पण शेवटच्या नंबराच्या शाळंत पोरगी ठेवू व्हय?" अध्यक्षच दाखला मागायला आल्यावर बाकीचे कशाला थांबतील? आठ दिवसांत त्रेचाळीसच्या पटातली अकरा मुलं गेली. परवा पत्र आलं, शाळा दुसऱ्या शाळेत मिसळण्याचा विचार सुरू आहे म्हणून.

तुलना करायची तर कर ना, माझी ना नाही. पण कशाची कशाशी करतेस? माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी कन्नड बोलतात, चार भोजपुरी. आईबाप लूमवर बारा तास, दिवाळीनंतर येतात आणि शाळा संपायच्या आत गाव बदलतात. कुंपणाला तुझ्या तक्त्यात रकाना आहे, हात धुवायच्या नळाला आहे, याला नाही. बरं, तेही सोडून देते. सरळ हरलो असतो तर मान खाली घालून पुढच्या वर्षी कामाला लागले असते.

डिसेंबरात रस्त्यावरच्या शाळेतून एकाच आठवड्यात सात मुलं आमच्याकडे आली. प्रत्येकाच्या दाखल्यावर कारण एकच, 'पालकांची इच्छा'. मला नवल वाटलं, पण खरं सांगते, बरंही वाटलं. पट वाढला या आनंदात मी सातही प्रवेशांवर सही केली. त्यातली तिसरीतली पूर्णिमा, तिचं घर रस्त्यावरच्या शाळेच्या भिंतीला भिंत लावून आहे. ती पोर दोन किलोमीटर चालत माझ्याकडे येते. तिची आई झुंबरबाई लूमसाठी सुताच्या कांड्या भरायचं काम करते. तिला विचारलं तर म्हणाली, "सर म्हणालं, हितं न्हाय जमायचं, तिकडं चांगली शिकंल. आमाला काय कळतंय बाई?" सातही मुलांना धड वाचता येत नव्हतं, ऋता. सातांपैकी एकालाही नाही.

जानेवारीत तू या तक्त्यासाठीची परीक्षा घ्यायला आलीस. पूर्णिमापुढे उतारा ठेवलास. ती दुसऱ्या ओळीला अडली आणि तुला म्हणाली, "म्याडम, मी ह्या शाळंतली न्हाय, मी रस्त्यावरच्या शाळंतली हाय." तुझं पेन थांबलं. तू माझ्याकडे पाहिलंस, मग पुन्हा कागदाकडे, आणि शून्य लिहिलंस. मला वाटलं, नियमात अडकली असेल, संध्याकाळी फोन करेल. तुझा फोन आला नाही.

तुला आठवत नसेल, मला आठवतं. शिवाजी पेठेतल्या आपल्या शाळेत चौथीपर्यंत तुला जोडाक्षरं येत नव्हती. संयोगिताबाई मधल्या सुट्टीत स्वतःचा डबा बाजूला ठेवून तुला शेजारी घेऊन बसायच्या. कुणी तपासायला यायच्या आधी त्यांनी तुझा दाखला तयार केला नाही. केला असता तर आज तू कुणाच्या शाळा तपासत असतीस?

बुधवारी मी झुंबरबाईला घेऊन त्या शाळेत गेले. म्हटलं, आता तक्ता झाला, पारितोषिक झालं, पोरीला परत घ्या, तिची पायपीट तरी वाचेल. मुख्याध्यापक म्हणाले जागा नाही. वर्गात मागचे तीन बाक रिकामे होते, मी बोट करून दाखवले. माझा आवाज चढला, तसा त्यांचाही चढला. आणि रागाच्या भरात ते बोलून गेले, "मला काय विचारताय? तुमच्या मैत्रिणीला विचारा की! डिसेंबरात वर्ग जरा हलका करा, असं त्याच म्हणाल्या होत्या." शेजारी उभी असलेली झुंबरबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला वाटलं असणार, हिलाही सगळं माहीत होतं. माझी मैत्रीण म्हटल्यावर तिनं दुसरं काय समजावं?

चार दिवस मी तुझ्या बाजूनं कारणं शोधली. तुझ्यावर वरून दडपण असेल, तुला एक तरी चमकदार शाळा दाखवायची असेल. प्रत्येक कारणाशी येऊन माझं डोकं अजूनच तापलं. खोटं बोलायचं होतं तर आकड्यांत बोलायचं होतंस, मुलांना का उचललंस?

उद्या सकाळी अकराला मी जिल्ह्याच्या ऑफिसात तक्रार देणार आहे. सात दाखल्यांच्या प्रती जोडल्या आहेत, झुंबरबाईनं जबाबावर सही केली आहे. न विचारता सात सह्या केल्या म्हणून त्यात पहिलं नाव मी माझं घातलंय. दुसरं मुख्याध्यापकांचं आणि तिसरं तुझं. हे तुला ऑफिसातल्या कुणाकडून कळू नये, माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हा कागद. फोन केला असता तर नुसती ओरडले असते, म्हणून उन्मेषना हे पत्र घेऊन तुझ्या कळंब्याच्या घरी पाठवतेय. ते माझा नवरा म्हणून समजूत घालायला येत नाहीयेत, फक्त पत्र देऊन परत फिरतील. मला थांब म्हणायला फोन करू नकोस. यायचंच असेल तर अकराच्या आधी ये, आणि येताना तुझा जबाब तुझ्या हातानं लिहून आण. तसा आणलास तर तुझ्याशेजारी मी उभी राहीन. नाहीतर समोर.

उद्या अकरापर्यंत तरी तुझीच,
अवंतिका