खुर्चीतली कणीक

सोमवार, ९ मार्च

शी! अजून हाताला वास येतोय.

काल दादाकडून आईला कायमची इकडे आणली, तिची खुर्चीही आणली. डगमगते म्हणून आज उलटी केली. मागच्या पायाच्या सांध्यात सुतार भेगा बुजवतात ते लुकण नाही — कणीक! डिंकात मळून ठासलेली, वरून काळं बूटपॉलिश. आत हिरवी बुरशी, झुरळांची अंडी. चाकूने सगळं उकरून काढलं. घासून सपाट करायचीसुद्धा तसदी नाही. अंगठ्याचा ठसा तसाच, मधोमध चीर.

अंगाचा भार पेलणारा सांधा असा बुजवतात? तिथे नवं लाकूडच घालावं लागतं. आणि यावर आई बसत होती. देवानेच सांभाळलं.

मंगळवार, १० मार्च

दादाला फोन केला. म्हणाला, "मी त्या खुर्चीला हातही लावलेला नाही." लाज कशी वाटत नाही! मागून वहिनीची कुरकुर — आईंच्या हातून रोज काहीतरी मोडतं, किती म्हणून सहन करायचं. ठेवूनच दिला फोन.

आई म्हणत होती, जाऊ दे रे, बसता येत होतं. पण माझं डोकं फिरलेलं. "मोडकं झाकून ठेवायचं, हे या घरात चालायचं नाही!" फोनशिवायही दादाला ऐकू जावं इतक्या मोठ्याने बोललो. आई लसूण सोलायची थांबली.

बुधवार, ११ मार्च

देवापुढे बसलो. ओठांवर नाव त्याचं, मनात दादा आणि ती बुरशी.

गुरुवार, १२ मार्च

सडका भाग कापला, नवा तुकडा बसवला, सरस लावून दोरीने आवळून ठेवला. बायकोला म्हणालो, आता आईला चार दिवसांसाठीही तिकडे पाठवायची नाही. ती म्हणाली, "परवापासून त्या गप्प आहेत. आलं का लक्षात?" प्रवासाने दमली असेल, म्हटलं.

शुक्रवार, १३ मार्च

सकाळी माझ्या कपाचा कान हातात आला. चहा मांडीवर. तुटल्या जागी कणीक — डिंकात मळलेली, अजून ओलसर. तिच्यावर अंगठ्याचा ठसा. मधोमध चीर.

विळीवर चिरला होता आईचा अंगठा, मी लहान असताना.

समोरच बसली होती. पदराला हात पुसत होती, पुसतच होती.

या घरात येऊन तिला अजून आठवडाही झालेला नाही.