पलंगाला लागून पाळणा

आई, नरपडच्या घरी मधल्या खोलीतल्या सागवानी पलंगाचे पाय कापले. चारही. तुझ्या मुलानं कापले आणि मी कापू दिले, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझा राग एकदाचा होऊन जाईल आणि पुढचं तू नीट ऐकशील. तू असतीस तर आधी करवत लपवली असतीस आणि मग कारण विचारलं असतंस. कारण एवढंच, की तुझी नात बाळाला घेऊन यायची होती. तू गेलीस तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जायची. आता पुण्याला असते, नोकरी करते आणि तिला चार महिन्यांचा मुलगा आहे. त्याला महालक्ष्मीच्या पायावर घालायचं, दोन दिवस माझ्याकडे तलासरीला राहायचं आणि मग नरपडला मामाच्या घरी जायचं, असा तिचा बेत ठरला. बेत ठरल्याबरोबर तिचा फोन आला, आणि पहिला प्रश्न हा, की बाळ झोपणार कुठं.

कुठं म्हणजे काय, मी म्हटलं, आपलं घोडियं आहे की. तेच, लाकडी चौकटीला टांगलेली कापडाची झोळी, दोरी ओढली की झुलणारी. तुझ्यामागं ते माझ्याकडे आलं, माळ्यावर आहे, उतरवून धुऊन ठेवते. तर ती म्हणाली, “घोडियं नको आई. कापडात बाळ गोळा होतं, हनुवटी छातीवर येते, श्वास अडकू शकतो. झोपायला तर नकोच.” मी म्हटलं, “तू त्यातच वाढलीस. मान वाकडी झाली का तुझी?” “मान नाही झाली. स्वभाव झाला, असं तूच म्हणतेस,” ती म्हणाली. तोंडाला तोंड देण्यात तुझ्यावरच गेली आहे. तिला हवा होता तो घडीचा पाळणा, पिशवीत बसणारा, जाऊ तिथं नेता येणारा. आपल्या पलंगाला लावून पट्ट्यांनी घट्ट बांधायचा आणि आपल्याकडची जाळी खाली करायची. बाळ हाताच्या अंतरावर, पण त्याची जागा वेगळी. पुण्याचा त्यांचा पाळणा मोठा, तो रेल्वेत कुठं आणणार. म्हणून मी इकडंच बघायचा होता. मी म्हटलं, बघते, पण गादी मी शिवणार, सावरीच्या कापसाची, लोण्यासारखी.

तुला माहीत आहे, तलासरी नाक्याजवळ माझं शिवणाचं दुकान आहे. ते तुझ्यासमोरच काढलं होतं. तेव्हापासून मी लोकांच्या नातवंडांना दुपटी, झबली आणि गाद्या शिवत आले, आणि माझ्या हातचं मऊ असतं म्हणून बायका लांबून येतात. पण ती म्हणाली, “अजिबात नको. गादी घट्ट हवी, पाळण्याबरोबर येते तीच. उशी नको, गोधडी नको, कडेला लोड नको. आत फक्त बाळ, पाठीवर झोपवलेलं.” मला राग आला. जगाच्या पोरांना मऊ मऊ आणि माझ्या नातवाला फळी! तशी ती समजावायला लागली. मऊ गादीत बाळाचं तोंड रुततं आणि त्याला मान फिरवता येत नाही. “आणि म्हणूनच आपल्या शेजारी पलंगावरही घ्यायचं नाही, आई. दमलेलं माणूस कधी झोपेल, त्याचं त्याला कळत नाही.” मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. समोर कुणाचं तरी झबलं अर्धं शिवलेलं होतं, ते तसंच राहिलं. तिला ठाऊक नव्हतं ती काय बोलली ते. तिला आपण कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

मी दुसरीत होते. दुपारची शाळा सुटून मी घरी येते, ओट्यावर चिकूची रास पडलेली आहे, पण निवडायला बसलेल्या बायका निवडत नाहीत, नुसत्या बसल्यात. मधल्या खोलीत तू पलंगावर भिंतीला टेकून आहेस, बाळ मांडीवर, त्यावर पदर. मी दप्तर टाकते तशी तू ओठांवर बोट ठेवतेस. “हळू. पितंय ते,” म्हणतेस. मी हळू चालते. मी पाणी पिते तेसुद्धा भांडं न वाजवता. संध्याकाळी आजी आणि शेजारच्या काकूनं तुझ्या हातातून त्याला घेतलं तेव्हा मला कळलं. सकाळपासून तू चिकू निवडत होतीस, त्याला पाजायला म्हणून आत गेलीस, आडवी झालीस आणि तुझा डोळा लागला. बायका एकमेकींना सांगत होत्या, निजेत अंगाखाली आलं गं. त्यांना वाटलं, मला ऐकू येत नाही. तुलाही येत नाही, असं वाटलं असेल त्यांना.

त्या दिवशी घोडियं घरात नव्हतं. ते घोलवडच्या मावशीकडे होतं. ज्या घोडियात पोरं धडधाकट वाढली, ते कुणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही, अशी आपल्याकडची रीत. मावशीचं पहिलं होतं, दिवस भरले होते. आजी कुरकुरली तर तू म्हणालीस, “जाऊ दे, तिचं पहिलं आहे, मला सवय आहे. माझं निजेल माझ्या कुशीत.” रिकामं घोडियं उंबऱ्याबाहेर काढत नाहीत, म्हणून आत नारळ ठेवून तू ते बैलगाडीत चढवलंस. ते सगळं झाल्यावर मावशीनं घाईघाईनं परत पाठवलं, तेव्हाही रीतीप्रमाणं आत नारळ होता. तो तू फोडला नाहीस. देवाच्या कोनाड्याखाली तो वाळत राहिला, केर काढताना केरसुणी लागली की आतून खडखडायचा, आणि तू केर काढणं थांबवायचीस.

त्यानंतर तू त्या पलंगावर निजलेली मला आठवत नाही. खाली चटईवर, भिंतीकडे तोंड करून, दोन्ही कोपर पोटाशी घट्ट धरून निजायचीस. मागाहून भाऊ झाला, तो सदा घोडियात, आणि तू दोरी हातात धरून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचीस. मग माझं पहिलं बाळंतपण नरपडलाच झालं. बाजेवर मी, खाली शेगडी, ओवाशेपांचा धूर. एका दुपारी लेकीला पाजता पाजता मला झोप लागली. जाग आली ती तुझ्या चापटीनं. तू पोर उचलून छातीशी धरली होतीस आणि ओरडत होतीस, “निजलीस? बाळ अंगाशी घेऊन निजलीस? लाज नाही तुला?” बाळंतिणीला कुणी मारतं का गं? मी रडले, खूप रडले, सासरी निघून जाईन म्हणाले. तू पोर घेऊन वाडीत गेलीस, बऱ्याच वेळानं आलीस, आणि अहळिवाची खीर माझ्यापुढं ठेवलीस. गूळ नेहमीपेक्षा जास्त होता. मी ती रागारागानं खाल्ली. तुला चापट मारायला काय झालं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं, आई. कळूनही राग आला.

मात्र तुझी भीती माझ्यात अशी मुरली, की मीही लेकीला कधी कुशीत घेऊन निजले नाही. ती मोठी झाली, ताप आला की माझ्याजवळ सरकायची, आणि मी उठून बसायचे. एकदा, कॉलेजात असताना, ती चिडून म्हणाली, “तुझ्या कुशीचा वास कसा असतो ते मला माहीत नाही.” मी तिला म्हटलं, वास कसला, मशीनच्या तेलाचा. दोघी हसलो. त्या हसण्याचं मला पुष्कळ दिवस वाईट वाटत राहिलं.

पाळणा बघायला मी वापीला गेले. अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांची ही रांग, शेअर रिक्षात मी आणि कुणाच्या तरी कोंबड्या. दुकानदारानं एकेक पाळणा उलगडला. एकाला फुगीर कडा, आत उशी, वर टांगलेली खेळणी. त्यानं माझा हात धरूनच गादीवर ठेवला. “जुओ बेन, केटलुं पोचुं छे!” पोचुं म्हणजे मऊ, आणि खरंच होतं, माझ्या गाद्यांसारखंच. मी म्हटलं, “पोचुं नको भाई, कठण दाखवा.” तो चक्रावला. मग मी मूठ दाबून गाद्या बघितल्या, कडेला बोट घालून फट बघितली, जाळीला तोंड लावून श्वास घेऊन बघितला. दुकानातली गिऱ्हाइकं बघत होती, बघोत. चाकांची कडी लागते का, पट्टे घट्ट होतात का, अंगानं रेटून पाहिलं. एका पाळण्याची गादी सपाट आणि घट्ट होती, मुठीचा वळ राहत नव्हता. तिच्यावर हात ठेवला आणि मला तुझी गादी आठवली. लग्नात आलेली, सावरीची, मधोमध खड्डा पडलेली. आपण सगळे त्या खड्ड्यात घरंगळायचो. आई, कदाचित तुझा हात त्याला लागलाच नसेल. कदाचित गादीच असेल. लेक म्हणते, काही बाळं कारणाशिवायच जातात, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मला नक्की काही ठाऊक नाही आणि खोटं मी तुला सांगणार नाही. पण हे ‘कदाचित’ तुला जिवंतपणी कुणी दिलं नाही. ते मिळालं असतं तर एखाद्या रात्री तू कोपर सैल सोडून निजली असतीस. त्या दुकानात मला रडू आलं आणि दुकानदाराला वाटलं, भाव जास्त झाला.

लेकीनं बजावलं होतं, पलंगाची उंची मोजून ठेव, पाळण्याची गादी आणि पलंगाची गादी एका पातळीत यायला हवी. तलासरीचा पलंग जमला. नरपडला टेप घेऊन गेले तर तुझा पलंग उंच, पाळणा सगळ्यात वरच्या खाचेला लावला तरी चार बोटं कमी. मी म्हटलं, पाळण्याखाली विटा लावू. लेक फोनवरूनच ओरडली. भाऊ म्हणाला, “पलंगच कापू.” वहिनी म्हणाली, “अहो, सागाचा आहे, आईंचा!” “आईचा कसला? तिनं कधी पाठ टेकली नाही त्याच्यावर.” आणि मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, “ताई, ती का गं निजायची नाही इथं?” त्याच्या आधी एक होतं आणि ते गेलं, एवढंच त्याला माहीत होतं. मी सांगितलं. ओट्यावरच्या बायका, पदर, “हळू, पितंय ते”, सगळं. तो पलंगाच्या कडेवर बसून राहिला, पन्नाशी उलटलेला माणूस, हातात टेपचं टोक. मग उठून मागच्या पडवीतून करवत घेऊन आला. प्रत्येक पाय कापून झाला की तळहातानं त्याच्यावरचा भुसा पुसायचा.

लेक आली. महालक्ष्मी झाली, तलासरीचे दोन दिवस झाले. नरपडला निघताना पाळण्याची घडी पिशवीत घातली आणि मी वर नारळ ठेवला. “आत काही ठेवायचं नाही,” लेक म्हणाली. “बाळ नाही तोवर नारळ चालतो,” मी म्हटलं. तिनं कारण विचारलं, तर गाडीत नरपड येईपर्यंत तिलाही सगळं सांगितलं. बाळाच्या सीटवरचा हात काढून तिनं माझ्या गुडघ्यावर ठेवला. नारळ मी घरात पाऊल टाकल्या टाकल्या फोडला.

जेवणं झाल्यावर पाळणा पलंगाला लावला. पट्टे आवळले, मधे बोट जात नाही हे मी आणि लेकीनं दोघींनी बघितलं. बाळ पाठीवर, मुठी डोक्याशी, आत दुसरं काही नाही. लेक म्हणाली, “मी मामीबरोबर वाडीत जाऊन येते. तू पड त्याच्याजवळ.” मी म्हटलं, पडते, झोपणार नाही. ती हसली, “झोप की. त्यासाठीच तर आणलाय.” त्या गेल्या. मी तुझ्या पलंगावर आडवी झाले, तू असायचीस त्या बाजूला. जाळी खाली होती. त्याचं पोट वर खाली होत होतं, ते बघत राहिले. हात लांब करून एक बोट त्याच्या मुठीत दिलं.

हे तुला पोचणार नाही, मला ठाऊक आहे. पोचणार असतं तर मी लिहिलंच नसतं. तुझ्यासमोर हा विषय काढायची माझी छाती कधी झाली नाही आणि आताही झाली नसती. पण एक गोष्ट मी लेकीलाही सांगितली नाही. ती परत आली तेव्हा मी डोळे उघडे ठेवून पडले होते, आणि मी जागीच होते असं तिला सांगितलं. तसं नव्हतं. तिच्या चपलांच्या आवाजानं मला जाग आली होती. बाळ आधीच जागं होतं, माझं बोट धरून माझ्याकडे बघत होतं. बाळ शेजारी असताना मी निजले, आई. गाढ निजले. रागावू नकोस.