पारव्याची पिलं

हळ्ळीखेड, ४ ऑक्टोबर १९५१
आप्पांच्या पांढऱ्या कबुतरांची उरलेली एकच जोडी आता वामनची. धाकटा भाऊ, माझ्याच कडेवर वाढलेला. आप्पा होते तोवर माळवदावरची ढाबळ मी झाडली, पिलांना मी भरवलं. आज त्यानं माळवदाची शिडी काढून घेतली. "अक्का, विधवेचं पाऊल पडलं की अंडी उबत न्हाईत." चारचौघांत म्हणाला. निजाम गेला, आता ह्याचं राज्य. बघते.

११ ऑक्टो.
मळ्यातल्या विहिरीत पारव्यांची घरटी. गड्याकडून एक पिलू काढवलं. रानटी, करडं, चोच मारतं. मागच्या खोलीत ठेवलंय. भिजवलेली ज्वारी भरवते.

९ फेब्रु. ५२
नर निघाला. गळा फुगवून घुमायलाय. आप्पा म्हणायचे, ढाबळीत पारवा घुसला की पांढरा वाण संपला. म्हणून तर.

२ मार्च
वामन कोर्टाच्या कामाला गुलबर्ग्याला. महिना लागंल. शिडी लावून गेला! "दाणापाणी कर. बाकी कशाला हात लावू नको." व्हय म्हणलं.
तो गेल्यावर पांढरा नर टोपलीखाली, पारवा त्याच्या जागी. मादी कोपऱ्यात सरकली.

१४ मार्च
जमलं. चोचीत चोच. एकटीच हसले. मग आप्पांची आठवण... असो.

२५ मार्च
दोन अंडी. पारवा खाली आणला, पांढरा परत जागेवर. बसला उबवायला, येडा.

२९ एप्रिल
वामन येऊन बरेच दिवस झाले, पण वर चढलाच न्हाई. त्याला दाखवायला आवडतं, झाडायला न्हाई. आज गुलबर्ग्याचे पाहुणे "शुद्ध वाण" बघायला आले. ऐटीत दार उघडलं. पिलं करडी, पंखांवर काळे पट्टे. एकजण म्हणाला, "ही तर विहिरीतली!" सगळे हसले. वामनचं तोंड बघत मी चहा दिला.

३० एप्रिल
सकाळीच चुलीपाशी येऊन बसला. "अक्का, आप्पांनी तुला शिकवलंय. खोट कुणात, नरात का मादीत? सांग, मान मुरगळतो."
दोघंही आप्पांचीच. नर म्हणलं तर नर जाणार, मादी म्हणलं तर मादी. खरं सांगितलं तर पारवा, अन् मी. मला फक्त ह्याचं नाक कापायचं होतं.
दुपारी परत विचारलं. पाया पडायचाच बाकी. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
ताट वाढलं. "सांग की, अक्का."
म्हणलं, आधी जेव.