अंबाजीचा पणजा आणि माझा जवळा

४ डिसेंबर
डोकं फिरलंय नुसतं! जेटीजवळच्या दगडी चौथऱ्यावर मी बारीक कोळंबीचा जवळा वाळत घालते, आधी सासू घालायची. कधीकाळी त्यावर कुणा इंग्रज साहेबाचा पुतळा होता म्हणे. आता सरपंच अंबाजीला तिथे स्वतःच्या पणज्याचा पुतळा बसवायचाय! "शकूवयनी, जवला उचला आता."
उचलून घालू कुठे? सरपंचाच्या डोक्यावर?

६ डिसेंबर
पणजा मोठा पुढारी होता, याचा अंबाजीने पुरावा दाखवला. जुना पुठ्ठा, त्यावर शेजारीशेजारी दोन एकसारखे फोटो. साहेबाच्या पुतळ्याजवळ पणजा, उंचीला साहेबाएवढाच, हात वर. "भाषण करतंय त्यो!" वर एक काळा डाग.
एकसारखे दोन कशाला, म्हणून या शहाण्याने पुठ्ठा कात्रीने मधोमध कापला! अर्धा पेणच्या मूर्तिकाराला, अर्धा पंचायतीच्या भिंतीला.
मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. घरी येऊन रडले.

११ डिसेंबर
मूर्तिकार जन्मभर गणपती करणारा. पणज्याला पोट आलंय म्हणे.

१५ डिसेंबर
भाची नेत्रा फोटोंचं ऐकून कॉलेजातून दोन भिंगांची चौकट घेऊन आली. "मावशी, ते फोटो सारखे नसतात गं! एकेका डोळ्याचा एकेक. दोन्ही मिळून लांब-जवळचं कळतं." अंबाजीकडून दोन्ही तुकडे आणवले, चिकटपट्टीने जोडले, भिंगांतून पाहिलं — आणि किंचाळलेच!
साहेब गेला लांब, मागे चौथऱ्यावर. पणजा पुष्कळ अलीकडे, वाळूत. म्हणून तेवढा उंच! काळा डाग हवेत तरंगतोय — कावळा! साहेबाच्या पायाशी पसरलेला जवळा, टोपलीपाशी एक बाई. माझी कुणी लागत असेल-नसेल, जवळा मात्र आमचाच. पणजा कावळे हाकलतोय!
अंबाजीनेही पाहिलं. चौकट खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "वयनी, गावात सांगू नको."
इतकी भांडले, पण वाईट वाटलं मला त्याचं. म्हटलं, नाही सांगत, पण चौथरा माझा. पुतळा वाळूत, पणजा उभा होता तिथेच.
"व्हय," म्हणाला.

२ जानेवारी
पुतळा बसला. हात वर, पोट पुढे. सकाळपासून जवळ्याकडे एक कावळा फिरकला नाही! संध्याकाळी अंबाजीच्या घरी टोपलीभर जवळा धाडला. त्याचा पणजा दिवसभर माझ्याकडे राबला, रिकाम्या हाताने कसा पाठवू?