एकटीचं टेबल

विश्रांतवाडी, पुणे
२१ नोव्हेंबर १९९९

प्रिय शर्मिला,

तुझं पत्र काल मिळालं. चार पानं तुझ्या कॉलेजची, लोणी काळभोरच्या धुळीची, विद्यार्थिनींच्या गमतींची. आणि सही झाल्यावर अगदी खाली, बारीक अक्षरात एक ओळ: विश्रांतवाडीत एकट्या बाईला बसून जेवता येईल असं बरं हॉटेल आहे का, ओळखीच्या एका बाईसाठी हवंय. तुमचा फोन हॉलमध्ये, सगळ्यांच्या कानाशी. म्हणून लिहितेय, आणि पत्र कॉलेजच्या पत्त्यावर टाकतेय.

त्या बाईला सांग, हॉटेलं पुष्कळ आहेत, बसायला जागा मिळणं अवघड. घटस्फोटानंतर मी विमलाबाईंची ही वरची खोली घेतली तेव्हा त्यांची एकच अट होती, खोलीत स्टोव्ह पेटवायचा नाही. मला ती अट न वाटता सुट्टीच वाटली. कंपनीत दोन हजार सालाची धांदल नुकती सुरू झाली होती. जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा दुरुस्त करता करता डोळे चुरचुरायचे. दुपारी कँटीन असायचं, प्रश्न रात्रीचा होता.

पहिल्याच संध्याकाळी आळंदी रस्त्यावरच्या एका उडप्याकडे गेले. खाली सगळे पुरुष. वेटर माझ्याकडे न बघताच म्हणाला, फॅमिली वर. वर गेले तर पडदे लावलेले कप्पे, आणि मॅनेजर विचारतोय, बरोबर कोण आहे? माझ्या तोंडून निघून गेलं, भाऊ येतोय. लगेच पाण्याचे दोन ग्लास आले. मी डोसा खाल्ला, अधूनमधून घड्याळ बघितलं, आणि उठताना स्वतःशीच पण ऐकू जाईल असं म्हटलं, अडकला वाटतं कामात.

मग ती सवयच लागली. धानोरीच्या फाट्याजवळ एक पंजाबी हॉटेल आहे, तिथली काळी डाळ खरंच छान, पण अंधार पडला की पुढच्या अर्ध्या भागाचा बार होतो. दुसरीकडे गुजराती थाळी मिळते, फुलके एकदम मऊ. पण मी चौघांचं टेबल अडवून बसले की मालक दाराकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघायचा. भाऊ सगळीकडेच येत होता. कधी त्याची स्कूटर पंक्चर व्हायची, कधी साहेब सोडायचे नाहीत. माझा खरा भाऊ, सिराजभाई, बिचारा भवानी पेठेतल्या आपल्या दुकानात बसलेला, त्याला कुठे माहीत की तो रोज विश्रांतवाडीत जेवायला उशीर करतोय! शेवटी मी पार्सल आणायला लागले. कॉटवर वर्तमानपत्र पसरायचं आणि पिशवीतली गार भाजी खायची. घर सोडताना वाटलं नव्हतं इतकं एकटं मला त्या वर्तमानपत्रासमोर वाटलं.

रंगरावांचं हॉटेल सापडलं ते चुकून. मागच्या गल्लीत गिरणीच्या शेजारी सहा टेबलं, दिघीकडून सुटलेल्या कामगारांची गर्दी, भिंतीवर पाटी: ‘गप्पा मारायच्या असतील तर बाहेर कट्टा आहे.’ रंगराव स्वतः गल्ल्यावर, तोंडावर हसू नाही. किती जण, म्हणाले. मी माझं ठरलेलं सांगितलं. त्यांनी मला नीट पाहिलं आणि म्हणाले, “तो आला की त्याला वेगळं टेबल देऊ. तुम्ही बसा, भाकरी गार होतीय.”

मी बसले. भरलं वांगं, ज्वारीची भाकरी, कांदा. दुसरी भाकरी मी मागितली नव्हती, तरी ताटात आली. शेजारच्या टेबलावरच्या एकानं मान वळवून वळवून बघायला सुरुवात केली, तेव्हा रंगरावांनी त्याचं ताट उचलून स्वतःच्या हातानं, त्याचं तोंड भिंतीकडे होईल असं मांडलं. माझे खांदे किती वर चढलेले होते हे मला ते सैल पडल्यावर कळलं.

उन्हाळ्यात आमच्या एका मामूंनी मला तिथे जेवताना पाहिलं. लगेच अम्मीपर्यंत बातमी गेली, जिनत हॉटेलांत एकटी बसते. दुसऱ्या दिवशी सिराजभाई दारात. चेहरा बघूनच मी ओळखलं की मला घरी न्यायला आलाय. मी म्हटलं, आधी जेवू. रंगरावांना सांगितलं, हा माझा भाऊ. त्यांनी ठरल्याप्रमाणे पलीकडचं टेबल दाखवलं. सिराजभाईला काही कळेना, आणि मला हसू आवरेना. मग मी सगळंच सांगून टाकलं, दोन ग्लासांपासून. तो बराच वेळ वाटाण्याची उसळ चिवडत राहिला. निघताना एवढंच म्हणाला, “अम्मीला सांगतो, जेवण चांगलं आहे.” त्यानंतर घरून कुणी न्यायला आलं नाही.

आता त्या ओळखीच्या बाईबद्दल. शर्मिला, दिवाळीत मी फराळाला तुमच्याकडे आले तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर आमटीचा ओघळ होता आणि तू फरशीवरून स्टीलचं ताट उचलत होतीस. हात निसटला म्हणालीस. ताट निसटलं तर आमटी खाली सांडते गं, खांद्याच्या उंचीवर भिंतीला लागत नाही. तेव्हापासून मला नीट झोप नव्हती. विचारलं तर तू दार लावून घेशील याची भीती वाटत होती. काल ती ओळ वाचली आणि किती दिवसांनी गाढ झोपले. विमलाबाईंशी बोलले आहे, खोलीत दुसरी कॉट मावते, त्यांची ना नाही. तुझी नोकरी आहे, इथून लोणीला बस बदलून जाता येतं. शनिवारी कॉलेज सुटताना मी फाटकाशी रिक्षा घेऊन उभी असेन. सकाळी निघताना फक्त प्रमाणपत्रं पर्समध्ये घाल, बाकी काही नको. आणि त्या दिवशी सगळ्यांचं वाढून होईपर्यंत थांबू नकोस. उपाशीच नीघ.

तुझी वाट बघणारी, तुझीच
जिनत