‘नेहमी’च्या रकान्यातला नंबर

३ मार्च, सोमवार

फोन आला! म्हणजे घंटी नव्हे, फोनच आला. लेकीने समुद्रापलीकडून पाठवला, तिच्या ऑफिसातल्या एका मुलीबरोबर. काळा, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखा हातातून निसटणारा. त्यात दोन सिमकार्डं बसतात म्हणे. एक माझं जुनं, ज्यावर गिऱ्हाइकं ‘मास्तर, कोट झाला का’ म्हणून माझा जीव खातात. दुसरं नवं, नुसतं नेटसाठी.

ती मुलगी निरोप सांगून गेली — “ताई म्हणाली, लवकर चालू करा. तिला तुमचं तोंड बघून बोलायचंय.”

काय बोलायचंय ते मला ठाऊक आहे. शिलाईचं दुकान आवर, मशीन विकून टाक, कायमची माझ्याकडे ये. हे गेल्यापासून तिने हाच धोशा लावलाय. येत्या रविवारी हो की नाही ते सांगते, असं कबूल करून बसलेय. हो म्हणायला जीभ रेटत नाही, आणि नाही म्हणायला धड कारण नाही.

४ मार्च, मंगळवार

कुणालाही फोन लावायला गेलं की हा विचारतो — कोणत्या सिमवरून? आत जाऊन पाहिलं, तर तिथे लिहिलंय, ‘कॉल : प्रत्येक वेळी विचारा’. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला एकदा विचारलं नाही, आणि हा प्रत्येक वेळी विचारतोय!

६ मार्च, गुरुवार

शेवटी फोन घेऊन शेजारी गेले. चष्मेवाल्यांच्या आणि माझ्या दुकानात एकच भिंत; तेही माझ्यासारखेच एकटे. माझं मशीन चाललं की त्यांच्या काचेच्या कपाटातल्या फ्रेमी थरथरतात, आणि आजवर त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

“मास्तर, आधी चष्मा लावा,” म्हणाले. लावलेलाच होता — डोक्यावर! पोट धरून हसलो दोघं.

मग त्यांनी फोन हातात घेतला. घड्याळाचे काटे बसवावेत तसं एकेक बोट टेकवत, कॉलसमोर जुनं सिम निवडलं, डेटासमोर नवं. आता तो विचारत नाही. नेट मात्र हूं की चूं करेना. तेवढ्यात त्यांच्याकडे गिऱ्हाईक आलं. “डेटाचं सोमवारी बघू,” म्हणाले. सोमवार मला एकदम लांब वाटला. का कोण जाणे.

८ मार्च, शनिवार

आज एकटीनेच फोनची आतली पानं चाळली. ‘कॉल फॉरवर्डिंग’ नावाचं एक पान आहे. त्यात चार रकाने — नेहमी. व्यस्त असताना. उत्तर न दिल्यास. संपर्काबाहेर असल्यास. प्रत्येकापुढे नंबर मागतो.

मला पटलं. दवाखान्यात नाही का विचारत, काही झालं तर कुणाला कळवायचं? तसंच असणार. लेकीचा नंबर घालणार होते, पण इथे पडले-झडले तर ती तिथून काय विमानातून उडी मारणार? म्हणून चष्मेवाल्यांचा घातला. चारही ठिकाणी. एकटीच होते तरी कान गरम झाले!

९ मार्च, रविवार

लेकीचा फोन नाही. दिवसभर फोन उशाशी, मांडीवर, ओट्यावर. गिऱ्हाइकांचाही नाही. जग मला विसरलं वाटतं. आधी सुटल्यासारखं वाटलं, मग भयंकर राग आला. लेकीवर नव्हे, मला सुटल्यासारखं वाटलं त्याचा.

१० मार्च, सोमवार

काय सांगू! काय सांगू!!

दुकानाचं शटर अर्धं उघडलंय तोवर चष्मेवाले हजर. डोळे तांबारलेले.

“मास्तर, तुमची गिऱ्हाइकं फार वाईट आहेत हो. काल एक बाई मला म्हणाली, बाही घट्ट झाली, उसवून द्या. एकाला पँटची चेन बदलून हवीय.”

मला काही उमजेना. मग म्हणाले, “आणि तुमच्या लेकीचाही आला. कितीतरी वेळ बोललो. गोड आहे मुलगी. तिने विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, भिंतीपलीकडचा.”

मी फोन पुढे केला. त्यांनी ते चार रकान्यांचं पान उघडलं आणि बघतच राहिले. ‘नेहमी’पुढे नंबर घातला की आपला एकूणएक फोन तिकडेच जातो, हे मला तेव्हा कळलं.

“नेहमीपुढे माझा नंबर का घातलात?”

“त्याने विचारलं, नेहमी कोण. म्हणून.”

बोलून गेले आणि धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. मग ‘नेहमी’ तेवढं बंद केलं.

“बाकीचे तीन राहू देत,” म्हणाले. “तुम्ही कामात असाल तेव्हा मी घेईन.”

डेटाचं बटणच बंद होतं! त्यांनी एका बोटाने चालू केलं.

नाही म्हणायला कारण नव्हतं ना मला? मिळालं. दुपारभर मशीनवर गुणगुणत होते. एका जाकिटाला दोन डाव्या बाह्या लावल्या. उसवल्या. पुन्हा गुणगुणले.

११ मार्च, मंगळवार

लेक पडद्यावर! केस कापलेत तिने, छान दिसते. मी लगेच सांगून टाकलं — “मी येणार नाही गं. कायमची तर नाहीच.”

“त्या चष्मेवाल्या काकांमुळे?”

थापा मारता येतात मला, पण तोंड दिसत होतं ना माझं. “हो,” म्हटलं.

मग पडदा काळा. नेट गेलं की तिने ठेवला? पुन्हा लावला. उचलला नाही.

१२ मार्च, बुधवार

आजही नाही. चष्मेवाल्यांना काही सांगितलं नाही. त्यांनी न विचारता चहा आणून ठेवला. रडू आलं, पण आनंद काही केल्या जाईना. लेकीला दुखवून आनंदात आहे मी. खरं तेच लिहितेय.

१४ मार्च, शुक्रवार

लेकीने फोन केला. मला नाही, त्यांना! नंबर रविवारीच मागून घेतलेला म्हणे. चष्मेवाले धावत आले, हातात कुणाच्या तरी चष्म्याची काडी तशीच. धाप लागलेली.

“मास्तर, तुमची लेक लाइनवर आहे. विचारतेय, नोंदणी कचेरीत साक्षीला सही करायला कधी येऊ?”

कुणाचं लग्न, हे मी विचारलंच नाही. जूनमधली तारीख सांगितली.